फादर नसलेलं गाव : धर्मगुरूंचा तुटवडा आणि चर्चचा इतिहास

आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना जरा लांबचा वाटेल. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंची संख्या कमी होत चालली आहे, जे आहेत त्यांतले पुष्कळजण वयोवृद्ध झाले आहेत, मग गावोगावची चर्च चालतात कशी, हा तो विषय. वर्तमानपत्रांत हा प्रश्न बहुधा ‘आजचं संकट’ म्हणून येतो. आज आपण त्याच्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत, आणि त्यासाठी मी एक ठिकाण निवडलं आहे. फ्रान्सच्या पश्चिम भागात प्वातिए नावाचं जुनं शहर आहे. त्या शहराच्या नावाचा धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, हे आपलं मुख्य ठिकाण. मधे आपण तिथून जपानला, सिलोनला आणि वसईलाही जाऊन येऊ. तिथे का जायचं, ते ओघात कळेलच.

दोन शब्द आधी स्पष्ट करतो. ‘पॅरिश’ला आपल्याकडचे मराठी कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात. एक चर्च, त्याभोवतीची वस्ती आणि तिथे नेमलेला धर्मगुरू, म्हणजे फादर, असं ते एकक. आणि धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेले जे साधे श्रद्धावंत, त्यांना ‘प्रापंचिक’ म्हणतात. आजची सगळी गोष्ट या प्रापंचिकांची आहे.

आता पहिला प्रश्न. फादर नसला तर नेमकं काय अडतं? हे नीट समजून घेतलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. बाप्तिस्मा अडत नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे अडचणीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी, ठरलेले शब्द आणि तो देण्याचा हेतू, एवढं पुरतं. जुन्या काळी फादर सुईणींना हे शब्द मुद्दाम शिकवून ठेवत, कारण जन्मलेलं मूल जगेल की नाही याचा भरवसा नसे. लग्नही पूर्णपणे अडत नाही. कॅथलिक समजुतीप्रमाणे लग्नाचा संस्कार वर आणि वधू एकमेकांना देतात, धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीला असतो. आजच्या चर्च कायद्याप्रमाणे महिनाभर कुणी अधिकृत माणूस येण्याची शक्यता नसेल, तर नुसत्या साक्षीदारांसमोर केलेलं लग्नही वैध धरतात. अंत्यविधीच्या प्रार्थना प्रापंचिक म्हणू शकतात. मुलांना धर्मशिक्षण देणं, आजाऱ्याला भेटणं, गरिबाला मदत करणं, हिशेब ठेवणं, चर्चची घंटा वाजवणं, यातल्या कशालाच दीक्षा लागत नाही.

मग अडतं काय? तीन गोष्टी. मिस्सा, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून करायचा संस्कार. या तिन्हींना दीक्षित धर्मगुरूच लागतो. पैकी मिस्सा ही कॅथलिक माणसाच्या रविवारचा कणा आहे. आणि रुग्णाभ्यंग कधी आठवतो, तर घरात माणूस शेवटच्या घटका मोजत असतो तेव्हा. त्या वेळी फादर चाळीस किलोमीटरवर असला तर काय होतं, हे त्या घरालाच विचारावं. तेव्हा ‘धर्मगुरू कमी आहेत’ हे वाक्य एखाद्या खात्यातल्या रिकाम्या जागांसारखं नाही. त्यात माणसांच्या जगण्यातले अतिशय नाजूक क्षण अडकलेले आहेत.

आता दुसरा प्रश्न. प्रत्येक गावात चर्चशेजारच्या घरात राहणारा, शिकलेला फादर, हे चित्र किती जुनं आहे? आपल्याला वाटतं, पहिल्यापासूनचं. तसं नाही. धर्मगुरूंना शिकवण्यासाठी प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, हा निर्णय १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत झाला. त्याआधी पुष्कळ ठिकाणी पोरगा एखाद्या वडीलधाऱ्या फादरकडे राहून, बघून बघूनच शिकत असे. परिषदेचा निर्णय गावोगावी पोचायला पुढे शंभर-दीडशे वर्षं लागली. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात ही घडी बसली, आणि बसते न बसते तोच राज्यक्रांती आली.

१७८९च्या नोव्हेंबरात चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १७९०मध्ये नवा कायदा झाला. धर्मगुरू सरकारी पगारी झाले आणि त्यांनी राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी असं ठरलं. साधारण निम्म्या फादरांनी शपथ घेतली, निम्म्यांनी नाकारली. पश्चिम फ्रान्समध्ये नाकारणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. नाकारलेले लपले, परागंदा झाले, हद्दपार झाले. कित्येकांना मारण्यात आलं. १७९३च्या हिवाळ्यात तर चर्चच बंद करण्याची मोहीम सुरू झाली, आणि शपथ घेतलेल्यांनाही काम करणं अवघड झालं. देशभर हजारो गावं एकाएकी बिनफादरची झाली.

या गावांनी काय केलं? बऱ्याच ठिकाणी, विशेषतः बर्गंडीकडच्या भागात, लोकांनी स्वतःच रविवार साजरा केला. गावचा शाळामास्तर किंवा चर्चमध्ये गाणारा एखादा जाणता माणूस पुढे उभा राही. मिस्सेतली गाणी आणि प्रार्थना ठरलेल्या क्रमाने म्हटल्या जात. भाकर आणि द्राक्षारस यांचं अभिमंत्रण मात्र वगळायचं, कारण तो अधिकार आपला नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. फ्रेंचमध्ये याला ‘पांढरी मिस्सा’ असं नाव पडलं. म्हणजे कोरी मिस्सा. लोकांना धर्माची इतकी ओढ होती की त्यांनी चर्चच्या किल्ल्या मागून घेतल्या, आणि नियमाची इतकी जाण होती की मधली ती जागा त्यांनी रिकामी ठेवली.

आता प्वातिएकडे येऊ. आज या धर्मप्रांतात मोडणारा उत्तरेकडचा मुलूख, ब्रेसुईर गावाभोवतीचा, कुंपणाच्या झाडींनी वेढलेल्या लहान लहान शेतांचा आहे. १७९३च्या वांदेच्या बंडात हा भाग होरपळून निघाला. पुढे १८०१ साली नेपोलियन आणि पोप सातवे पायस यांच्यात करार झाला. पोपने जुन्या सगळ्या बिशपांना राजीनामे द्यायला सांगितलं, म्हणजे नव्याने नेमणुका करता येतील. तीसहून अधिक बिशपांनी नकार दिला. त्यांत या भागाचे तेव्हाचे बिशप, ला रोशेलचे ज्याँ-शार्ल द कूसी हेही होते. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या लोकांचं म्हणणं साधं होतं. ज्या राजवटीने आमची माणसं मारली, तिच्याशी केलेला समझोता आम्हाला मान्य नाही. पुढे खुद्द कूसींनी पोपशी जुळवून घेतलं, १८१७मध्ये ते रांसचे आर्चबिशप झाले. लोकांनी मात्र जुळवून घेतलं नाही.

या पंथाला ‘छोटं चर्च’ म्हणतात. करार न मानणारे शेवटचे बिशप तेमीन १८२९मध्ये वारले. बिशप नाही, तर नवे धर्मगुरू कोण दीक्षित करणार? होते ते फादर एकेक करून गेले, आणि एकोणिसाव्या शतकातच हे लोक पूर्णपणे बिनफादरचे झाले. तरी ते संपले नाहीत. ब्रेसुईरजवळच्या कूर्ले गावात त्यांचं प्रार्थनामंदिर आजही आहे. बाप्तिस्मा प्रापंचिक देतात. रविवारी जुन्या पुस्तकातून मिस्सेच्या प्रार्थना वाचतात, पण वेदीवर कुणी उभं राहत नाही. करारानंतर फ्रान्समध्ये पुष्कळ सणांची सुट्टी रद्द झाली, हे लोक ते जुने सण पाळत राहिले. घराण्यातल्या जाणत्या माणसांनी पुढच्या पिढीला सगळं तोंडी दिलं. किंमतही मोजली. लग्नं आपापसांत, शेजाऱ्यांशी अंतर राखून, आणि संख्या हळूहळू आटत गेलेली. निष्ठा टिकली, पण दार आतून लावलेलं राहिलं.

हे चित्र लक्षात ठेवा, कारण याच्याशी ताडून पाहण्यासारखी दोन उदाहरणं आशियात आहेत, आणि दोन्हींचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे.

पहिलं जपानचं. नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर मारलं. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. वसईतलं एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गोन्सालो गार्सिया फादर नव्हते. ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते. जपानी भाषा त्यांना येत होती, म्हणून दुभाष्याचं आणि लोकांत मिसळण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसलेला हा माणूस १८६२मध्ये संत म्हणून जाहीर झाला.

१६१४मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. शेवटचे ज्ञात धर्मगुरू कोनिशी मान्शो १६४४मध्ये मारले गेले. तिथून १८६५पर्यंत, म्हणजे दोनशे एकवीस वर्षं, नागासाकीच्या परिसरातले ख्रिस्ती लोक धर्मगुरूशिवाय राहिले. कसे? कामं वाटून. एकाकडे पंचांग, म्हणजे सण आणि उपवास कधी येतात त्याचा हिशेब. एकाकडे बाप्तिस्मा. एकाकडे निरोप पोचवणं आणि घराघरावर लक्ष ठेवणं. ही घडी काही आभाळातून पडली नव्हती. पोर्तुगीज मिशनऱ्यांनी प्रापंचिकांची मंडळं आधीच उभी केली होती, जशी ती गोव्यात आणि वसईतही होती. शिवाय बंदीच्या आधी, १६०३मध्ये, बिशप सेर्केरा यांनी पूर्ण पश्चात्तापावर एक पुस्तिका काढली होती. पापनिवेदन ऐकायला फादर मिळाला नाही तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे त्यात होतं. लोकांनी ती तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपली. जे अडणार होतं त्याची तजवीज आधी केलेली होती.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले आणि त्यांनी फ्रेंच फादर पेतीज्याँ यांना आपली ओळख दिली. ही गोष्ट फार सुंदर म्हणून सांगितली जाते, आणि ती सुंदर आहेच. पण तिचा दुसरा भागही सांगायला हवा. लपून राहिलेल्यांपैकी पुष्कळजण नंतर कॅथलिक चर्चमध्ये परतलेच नाहीत. पूर्वजांनी जपलेली रीत हाच त्यांचा धर्म झाला होता. ‘छोट्या चर्च’ची आठवण होते ती इथे.

दुसरं उदाहरण सिलोनचं, आणि माणूस गोव्याचा. १६५८मध्ये डचांनी जाफना घेतलं आणि पोर्तुगीजांची सत्ता सिलोनवरून गेली. डच प्रॉटेस्टंट होते, त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना फादर मिळाला नाही. १६८७मध्ये मजुराच्या वेषात एक गोवेकर जाफन्यात उतरला. ते जोसेफ वाझ. १६५१मध्ये बाणावलीत जन्मलेले. पुढची काही वर्षं ते त्या बेटावर जवळजवळ एकटेच होते, नंतर गोव्याहून सोबती आले. कँडीच्या राज्यात त्यांना आधी हेर समजून कैद केलं, नंतर राजाने मोकळीक दिली. १७११मध्ये कँडीतच ते वारले, २०१५मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

वाझ यांची पद्धत बघण्यासारखी आहे. एकटा माणूस बेटभर पुरणार नाही हे उघड होतं. म्हणून प्रत्येक वस्तीत एक ‘मुप्पू’, म्हणजे वस्तीचा जबाबदार वडीलधारा, आणि शिकवण देणारा, प्रार्थना चालवणारा ‘अण्णावी’. वाझ येत, पापनिवेदन ऐकत, मिस्सा करत आणि पुढच्या वस्तीला जात. मधल्या महिन्यांत मुप्पू आणि अण्णावी चर्च चालवत. नागासाकीत कामाची वाटणी होती, पण बाहेरून कुणी येण्याची वाट बंद होती. सिलोनमध्ये वाटणीही होती आणि येणारी वाटही होती, चोरवाट का होईना.

वाझ यांच्या निमित्ताने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. सतराव्या शतकात गोव्यात स्थानिक धर्मगुरू पुष्कळ होते. पण युरोपियनांचे धर्मसंघ त्यांना सहसा आपल्यात घेत नसत. सिलोनला जाणारा ओरेटोरियन संघ गोव्याच्या स्थानिक धर्मगुरूंनी स्वतःच उभा केला. म्हणजे तुटवडा होता असं आपण म्हणतो, तेव्हा तो माणसांचा होता की विश्वासाचा? पुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपियन धर्मगुरूही गेले आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती वस्त्यांचा भार स्थानिक धर्मगुरूंवर आला. त्यांनी तो पेलला. जी माणसं आधी दुय्यम समजली जात होती, तीच आता धर्मग्राम चालवत होती.

फ्रान्समध्येही तेच दिसतं. क्रांतीनंतर धर्मगुरूंचा इतका दुष्काळ होता की ज्याँ-मारी व्हियाने नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला, लॅटिन धड येत नसतानाही, १८१५मध्ये दीक्षा मिळाली. दुष्काळ नसता तर परीक्षकांनी त्याला बहुधा परत पाठवलं असतं. १८१८मध्ये त्याला आर्स नावाच्या सुमारे दोनशे तीस वस्तीच्या खेड्यात नेमलं. चाळीसहून अधिक वर्षं तो तिथे राहिला आणि शेवटी धर्मग्रामांच्या फादरांचा आदर्श संत ठरला. इथे आकडा पाहा. दोनशे तीस माणसांमागे एक फादर. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सला हे परवडू लागलं. १८३०च्या सुमारास वर्षाला दोन हजारांवर नवे धर्मगुरू दीक्षित होत होते. आपल्या मनात ‘गावचा फादर’ म्हणून जे चित्र आहे, ते या भरतीच्या काळातलं आहे. आणि भरतीचा काळ मोजपट्टी म्हणून धरला की पुढचं सगळं ओहोटीच दिसतं.

ओहोटी खरी आहे, हेही सांगायला हवं. १९५०च्या सुमारास फ्रान्समध्ये वर्षाला हजाराच्या आसपास दीक्षा होत होत्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा शंभर-सव्वाशेवर आला, आणि तिथून वर चढला नाही. वय कसं वाढलं, ते साध्या हिशेबाने कळतं. १९३०मध्ये जन्मलेला माणूस १९५५मध्ये फादर झाला. तो मोठ्या तुकडीतला. १९९५मध्ये तो पासष्ट वर्षांचा, २००५मध्ये पंच्याहत्तरचा. चर्चचा कायदा म्हणतो की पंच्याहत्तरीला धर्मग्रामाच्या फादरने राजीनामा सादर करावा. आख्खी तुकडी एकदम त्या वयाला पोचली, आणि मागे उभी असलेली तुकडी तिच्या दशांश होती. राजीनामा पुष्कळदा स्वीकारलाच जात नाही, किंवा निवृत्त फादर शेजारच्या गावी मिस्सेला जातच राहतात. ज्या वयात इतरांनी त्यांची काळजी घ्यायची, त्या वयात ते हिवाळ्याच्या धुक्यात गाडी चालवत एका चर्चवरून दुसऱ्या चर्चला जातात.

इमारती मात्र जागच्या जागी आहेत. १९०५च्या कायद्याने राज्य आणि धर्म वेगळे झाले, आणि त्याआधीची चर्च नगरपालिकांच्या, ग्रामपंचायतींच्या मालकीची झाली. छप्पर गळलं तर पंचायत बघते. म्हणून फ्रान्समध्ये चर्च आहे, घंटा आहे, वेदी आहे, माणूस नाही, असं दृश्य सर्रास दिसतं. एका फादरकडे वीस चर्च असली तर काय होतं? चर्चच्या कायद्याने एका धर्मगुरूला रविवारी फार तर तीन मिस्सा करता येतात, तेही बिशपच्या परवानगीने. शनिवार संध्याकाळची एक धरली तरी चार. म्हणजे प्रत्येक चर्चची पाळी पाच आठवड्यांनी. आणि त्या चार मिस्सांमध्ये तो फादर कुणाशी बसून दोन शब्द बोलेल, एवढी उसंत त्याला नसते.

यावर बहुतेक धर्मप्रांतांनी एकच उपाय केला. धर्मग्राम एकत्र केले. चारांचं एक, दहांचं एक. नकाशावर हिशेब जुळतो. लोकांना मात्र पंधरा-वीस किलोमीटरवर जावं लागतं, म्हाताऱ्यांना जमत नाही, आणि ‘आपलं चर्च’ ही भावना विरते.

प्वातिएत वेगळा प्रयोग झाला. १९९४ ते २०११ या काळात अल्बेर रुए तिथले बिशप, पुढे आर्चबिशप होते. त्यांनी प्रश्न उलटा मांडला. ‘आपल्याकडे फादर किती आणि त्यांना किती गावं वाटता येतील’, असं न विचारता त्यांनी विचारलं की कोणत्या गावात ख्रिस्ती माणसं जबाबदारी घ्यायला तयार आहेत? जिथे आहेत तिथे ‘स्थानिक समुदाय’ उभा राहील. १९९५पासून असे समुदाय सुरू झाले आणि काही वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

रचना सोपी होती. प्रत्येक समुदायात पाच माणसं. एकाकडे प्रार्थना, एकाकडे श्रद्धेचं शिक्षण, एकाकडे गरजूंची सेवा, एक खजिनदार, आणि या सगळ्यांना सांधून ठेवणारा एक प्रतिनिधी. प्रतिनिधी आणि खजिनदार लोकांनी निवडायचे, बाकीच्या तिघांना त्या कामासाठी बोलवायचं. मुदत तीन वर्षं, फार तर आणखी एकदा तीन. मग बाजूला व्हायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाचा, ट्रस्टचा, सोसायटीचा अनुभव आठवा. खुर्चीला चिकटलेला माणूस संस्था खातो, आणि एकाच माणसावर कायमचं लादलेलं काम त्या माणसाला खातं. मुदत असली की लाजराबुजरा माणूसही ‘तीन वर्षंच ना, करून बघतो’ म्हणून पुढे येतो. पाच माणसं मिळाली नाहीत, तर समुदाय उभारायचा नाही, हेही ठरलेलं होतं.

फादर अशा अनेक समुदायांकडे जात. गावकरी फादरकडे येण्याऐवजी फादर आधीच जिवंत असलेल्या गावाकडे येत. मुप्पू आणि अण्णावी आठवले ना? प्वातिएने सिलोनची नक्कल केली, असं माझं म्हणणं नाही. तसाच पेच पडला की माणसं तशाच उत्तरापाशी येतात, एवढंच.

आता या प्रयोगाच्या मर्यादा. पहिली म्हणजे, प्रापंचिकही म्हातारे होतात. सहा वर्षं झाली की नवी पाच माणसं कुठून आणायची? लहान खेड्यांत तीच माणसं खाती बदलून फिरू लागली. दुसरी, काही फादरांना वाटू लागलं की आपण फक्त मिस्सेपुरते उरलो. आलो, केली, गेलो. ज्यासाठी दीक्षा घेतली ते माणसांमध्ये राहणं हातचं गेलं, हे दुःख खोटं नाही. तिसरी मर्यादा रोमची. प्रापंचिकांनी धर्मगुरूच्या कामात किती हात घालावा यावर १९९७मध्ये व्हॅटिकनने कडक सूचना काढल्या. २०२०च्या जुलैत पुन्हा एक सूचनापत्र निघालं. धर्मग्रामाचं नेतृत्व दीक्षित धर्मगुरूचंच, प्रापंचिकाला त्या पदाचं नाव देऊ नये, असं त्यात बजावलं. रुए यांच्यानंतर प्वातिएतही फेररचना झाली आणि मोठे धर्मग्राम आले. आणि चौथी मर्यादा आपण सुरुवातीलाच पाहिली. पाच माणसं उत्तम काम करतील, पण मरणाऱ्याच्या कपाळाला तेल लावू शकणार नाहीत.

दुसरा रस्ता बाहेरून धर्मगुरू आणण्याचा. १९५७मध्ये पोप बारावे पायस यांनी युरोपच्या बिशपांना सांगितलं होतं की तुमचे धर्मगुरू आफ्रिकेला उसने द्या. आज फ्रान्सच्या खेड्यांत आफ्रिकेतून आलेले फादर मिस्सा करतात, आणि जर्मनी, अमेरिकेपर्यंत भारतातले, विशेषतः केरळचे फादर पोचले आहेत. त्यांचं काम मोलाचं आहे. पण परकी भाषा, थंडी, एकटेपणा आणि मनातून आपल्याला ‘बदली कामगार’ समजणारी वस्ती, हे ओझं त्यांच्या वाट्याला येतं. शिवाय ज्या घरांतून ते येतात ती घरंही बदलत आहेत. सात-आठ मुलांतला एक देवाला देणं आणि दोनांतला एक देणं, यांत फरक आहे. गोव्यात आणि वसईतही कुटुंबं लहान झाली आहेत. उसना घेण्याचा हा मार्ग कायमचा नाही.

तिसरा रस्ता दीक्षेचेच नियम बदलण्याचा. विवाहित पुरुष डीकन होऊ शकतात, हे १९६७पासून पुन्हा सुरू झालं. डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, प्रवचन करतो, पण मिस्सा आणि रुग्णाभ्यंग त्यालाही करता येत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात काही वस्त्यांना महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त काळ फादर दिसत नाही. म्हणून २०१९च्या ऑक्टोबरात रोमला भरलेल्या ॲमेझॉन धर्मसभेने अशा भागांत योग्य विवाहित पुरुषांना धर्मगुरू करावं, अशी शिफारस केली. बाजूने १२८ मतं, विरोधात ४१. २०२०च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं, त्यात या शिफारशीवर निर्णय नव्हता. ब्रह्मचर्याच्या बाजूने शतकांची परंपरा आहे आणि ती मानणाऱ्यांची कारणं हलकी नाहीत. दुसरीकडे, पूर्वेकडच्या कित्येक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आजही आहेत. निर्णय चर्चने करायचा आहे. इतिहास शिकणाऱ्याने एवढंच दाखवायचं की तुटवड्याचा आकडा आपण कुणाला मोजतो यावर ठरतो. एके काळी गोव्याचे धर्मगुरू मोजले जात नव्हते. लॅटिन न येणारा व्हियाने जेमतेम मोजला गेला.

मग या सगळ्यातून हाती काय लागतं? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, फादर गेला म्हणून समुदाय लगेच मरत नाही. नागासाकी दोनशे एकवीस वर्षं टिकलं, कूर्ले अजून टिकून आहे. समुदाय मरतो तो कुणाकडेच नेमून दिलेलं काम उरत नाही तेव्हा. ‘सगळ्यांनी मिळून करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. ‘पंचांग तुझ्याकडे, बाप्तिस्मा तुझ्याकडे’ म्हटलं की ते नातवापर्यंत पोचतं. दुसरी गोष्ट, नुसती वाटणीही पुरत नाही. बाहेरून कुणी येण्याची वाट लागते. ती बंद झाली तिथे निष्ठा टिकली, पण आपल्यातच मिटून गेली. वाझ यांच्या सिलोनमध्ये दोन्ही होतं, म्हणून तिथलं चर्च पुढच्या काळाशी जोडलेलं राहिलं.

आणि हे फक्त कॅथलिकांपुरतं नाही. आपल्याकडे एकशिक्षकी शाळा आहेत, डॉक्टर नसलेली आरोग्य केंद्रं आहेत, कीर्तनकार नसलेली मंदिरं आहेत, ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर कुलूप लागलेली वाचनालयं आहेत. तिथेही आपण आधी गावं एकत्र करून हिशेब जुळवतो. कोणतं काम खरोखर त्या एका माणसावाचून अडतं आणि कोणतं आपण उगाच त्याच्यासाठी अडवून ठेवलं आहे, ही यादी आपण फार क्वचित करतो. ती करायला हवी, आणि शेवटचा माणूस निवृत्त होण्याआधी करायला हवी. १६०३मध्ये पश्चात्तापाची ती पुस्तिका निघाली तेव्हा नागासाकीत फादर होते. म्हणूनच ती शिकवता आली.

इथे थांबतो. आता आपल्या प्रश्नांकडे वळू.